रग्ड लॅपटॉप घेताना आणि रोज वापरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रग्ड लॅपटॉप म्हणजे धक्के, धूळ आणि पाणी सोसण्यासाठी मुद्दाम मजबूत बनवलेला लॅपटॉप. उघड्यावर, धुळीत, पावसात किंवा यंत्रांच्या शेजारी लॅपटॉप वापरणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. जमीनमोजणी आणि यंत्रतपासणीच्या कामात मी बारा वर्षं असे लॅपटॉप वापरतोय, आणि आत्तापर्यंत तीन मशीन माझ्या हाताखालून गेली. त्यातून एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगतो. लोक रग्ड लॅपटॉप घेतात तो पडण्याच्या भीतीने. पण पडणं वर्षातून एखाद्या वेळी होतं. ऊन, धूळ, बॅटरी आणि वजन यांच्याशी गाठ रोजची असते. म्हणून उत्तरांमध्येही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

साध्या लॅपटॉपला जाड कव्हर घातलं तर तेच काम होत नाही का?

नाही. कव्हर ओरखडे आणि छोटे धक्के झेलतं, पण साध्या लॅपटॉपची कमजोरी आत असते. त्याची स्क्रीन पातळ झाकणात अगदी कडेपर्यंत आलेली असते, हवा ओढणारी जाळी उघडी असते आणि कीबोर्डवर सांडलेलं पाणी थेट मदरबोर्डवर उतरू शकतं. जाड कव्हराने ती जाळी झाकली गेली, तर मशीन उलट जास्त तापतं.

रग्ड लॅपटॉपची रचना मुळातच वेगळी असते. बहुतेकांची चौकट मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, कारण मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा साधारण एक तृतीयांशाने हलकं असतं आणि तरीही ताठ राहतं. कोपऱ्यांना रबर असतं, सांध्यांमध्ये गॅस्केट, म्हणजे पाणी-धूळ अडवणाऱ्या पट्ट्या, असतात, प्रत्येक पोर्टवर झडप असते आणि बिजागरी जाड असते. ही कल्पना जुनी आहे. १९८२ मध्ये आलेल्या ग्रिड कंपास या लॅपटॉपचं कवच मॅग्नेशियमचंच होतं, आणि पुढे तो अमेरिकेच्या स्पेस शटलमधूनही गेला. पॅनासॉनिकचा पहिला टफबुक, सीएफ-२५, १९९६ चा. त्या काळात हार्ड डिस्क ही सगळ्यात नाजूक गोष्ट होती, म्हणून ती मऊ गादीत गुंडाळून बसवत. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आल्यावर ती मोठी काळजी गेली. आज साध्या लॅपटॉपमध्येही एसएसडी असल्यामुळे धक्क्याने डेटा जाण्याच्या बाबतीत दोघांमधलं अंतर पूर्वीपेक्षा कमी झालंय. हे लक्षात ठेवा, शेवटच्या प्रश्नात ते उपयोगी पडेल.

सेमी-रग्ड आणि फुली रग्ड यांत खरा फरक काय?

या दोन नावांची कुठल्याही मानकात ठरलेली व्याख्या नाही. ती बाजारात रूढ झाली आहेत. व्यवहारात सेमी-रग्ड म्हणजे साधारण आयपी ५३ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आकडा, पुढे समजावला आहे), तीन फुटांच्या आसपासची पडझड आणि दोन ते अडीच किलो वजन. फुली रग्ड म्हणजे आयपी ६५ किंवा ६६, चार ते सहा फूट, आणि वजन सव्वादोन किलोपासून साडेतीन किलोच्या पुढेही. सेमी-रग्डचा फॅन बाहेरची हवा आत ओढतो. फुली रग्डमध्ये एकतर फॅन नसतोच, किंवा तो सीलबंद भागाच्या बाहेर बसवलेला असतो.

मी स्वतः प्रश्न असा विचारतो: लॅपटॉप उघडा असताना त्यावर पाऊस पडणार आहे का? उत्तर होय असेल तर फुली रग्ड घ्या. गाडीतून, कारखान्यातून, छपराखालून काम होत असेल आणि पाण्याशी गाठ फक्त सांडण्यापुरती असेल, तर सेमी-रग्ड पुरतो. हातही कमी दुखतो.

जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ लिहिलं आहे. म्हणजे निश्चिंत व्हायचं ना?

मला सगळ्यात जास्त तळमळ या प्रश्नाची आहे, कारण या एका ओळीवर विसंबून लोक चुकीचं मशीन घेतात.

मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचं मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९६२ ची, ‘जी’ आवृत्ती २००८ ची आणि ‘एच’ २०१९ ची. पण हे पास-नापास असा शिक्का मारणारं प्रमाणपत्र नव्हे. तो चाचण्यांच्या पद्धतींचा मोठा संच आहे: उष्णता, थंडी, तापमानातला अचानक बदल, दमटपणा, पाऊस, वाळू आणि धूळ, खारं धुकं, कंपनं, धक्के, उंचीवरचा कमी हवेचा दाब, आणि आणखी बऱ्याच. कुठल्या चाचण्या घ्यायच्या आणि किती तीव्रतेने, हे उत्पादन कुठे वापरलं जाणार यावरून ठरवायचं असतं. त्यामुळे चार चाचण्या केलेली कंपनीही तेच नाव लिहू शकते आणि पंचवीस केलेलीही. प्रमाणपत्र देणारी सरकारी यंत्रणा यामागे नाही. काही कंपन्या बाहेरच्या प्रयोगशाळेकडून चाचणी करून घेतात, काही स्वतःच करतात. ऑफिसच्या पातळ लॅपटॉपवर हे नाव दिसतं ते यामुळेच. ते खोटं नसतं, पण त्याचा अर्थ फार वेगळा असतो.

पडण्याच्या चाचणीचंच घ्या. ठरलेल्या पद्धतीत २६ वेळा पाडतात: सहा बाजू, बारा कडा आणि आठ कोपरे, प्रत्येकावर एकदा. नेहमीची उंची ४८ इंच, म्हणजे १२२ सेंटिमीटर. हे २६ आघात एकाच नगाने झेलावेत अशी सक्ती नाही. पाच नगांमध्ये वाटून घेण्याची मुभा आहे. बऱ्याच कंपन्यांनी काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवूडवर ही चाचणी केलेली असते. तुमच्या वाट्याला येतो तो थेट दगड किंवा लोखंडी जिना. शिवाय ही मुळात वाहतुकीतल्या पडझडीची चाचणी आहे, म्हणजे मशीन बंद आणि झाकण मिटलेलं. चालू अवस्थेत, झाकण उघडं असताना सोसणारी उंची वेगळी आणि सहसा कमी असते.

म्हणून विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. कुठली आवृत्ती, कुठल्या चाचण्या, चालू की बंद, आणि चाचणी कुणी केली? ज्यांनी मनापासून काम केलंय ते चाचणीचा अहवाल देतात. नुसतं माहितीपत्रक पुढे करणाऱ्याकडून मी घेत नाही.

आयपी ५३, ६५, ६६ हे आकडे कसे वाचायचे?

हे आकडे आयईसी ६०५२९ या मानकातले आहेत आणि ८१० च्या मानाने बरेच सरळ आहेत. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा.

धुळीत ५ म्हणजे थोडी धूळ आत जाईल पण कामात अडथळा येणार नाही. ६ म्हणजे धूळ आत जाणारच नाही. पाण्यात ३ म्हणजे वरून किंवा उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरका येणारा फवारा. ४ म्हणजे कुठूनही उडालेले शिंतोडे. ५ मध्ये ६.३ मिलिमीटर तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याची धार मारतात, तर ६ मध्ये १२.५ मिलिमीटरच्या नळीतून मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवणं. आकड्याऐवजी ‘एक्स’ असेल, तर तो भाग तपासलेला नाही एवढाच अर्थ.

इथे दोन ठिकाणी गल्लत होते. आयपी ६७ वाचून लोकांना वाटतं, की त्यात ६५ आणि ६६ आलंच. तसं नाही. बुडवणं आणि धार मारणं या वेगळ्या चाचण्या आहेत, आणि दोन्ही केल्या असतील तर दोन्ही आकडे लिहिलेले असतात. दुसरं, चाचणी गोड्या पाण्याने होते. समुद्राचं पाणी, डिझेल, साबण, फवारणीची औषधं यांच्याबद्दल हा आकडा काहीही सांगत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा आकडा सगळ्या झडपा बंद असतानाचा असतो. पाणी मुरतं ते झडपेपाशी! माझ्या दुसऱ्या मशीनच्या यूएसबी पोर्टमध्ये एका सॉफ्टवेअरचा डोंगल (परवान्याची छोटी चावी) कायम लावलेला असायचा, त्यामुळे ती एक झडप कायम उघडी. पावसाळ्यात दोन दिवस काम केलं, मशीन छान चाललं. तीन आठवड्यांनी पोर्ट हिरवा पडला, मग बोर्डही गेला. लॅपटॉप आयपी ६५ चा होता आणि कंपनीने जे लिहिलं होतं त्यात काही खोटं नव्हतं. झडप मी उघडी ठेवली होती. तेव्हापासून कायम लावून ठेवायची वस्तू असेल तर ती झडपेच्या आत मावते का, हे मी विकत घेण्याआधी प्रत्यक्ष लावून पाहतो.

स्क्रीन किती नीट्सची हवी?

नीट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप. उन्हात काम असेल तर १००० नीट्सच्या खाली जाऊ नका. पैसे वाचवायचे तर प्रोसेसरमध्ये वाचवा, रॅम नंतर वाढवा, पण स्क्रीनमध्ये हात आखडता घेऊ नका. ती नंतर बदलता येत नाही.

साध्या लॅपटॉपची स्क्रीन २५० ते ४०० नीट्सची असते. खोलीत ती भरपूर वाटते. भर दुपारच्या उन्हाचा उजेड मात्र एक लाख लक्सच्या (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप) घरात जातो, आणि काचेचा साधा पृष्ठभाग त्यातला सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. स्क्रीनवर काच, खाली हवेची फट आणि मग पॅनेल अशी रचना असेल, तर प्रत्येक पृष्ठभागावरून वेगळं प्रतिबिंब उठतं. नकाशाच्या जागी स्वतःचा चेहरा दिसतो तो असा. यावर चांगला उपाय म्हणजे ती फट पारदर्शक चिकट थराने भरून टाकणं. त्याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. वर प्रतिबिंब कमी करणारा लेप असेल तर फरक लगेच कळतो. त्यामुळे बाँडिंग आणि लेप असलेली १००० नीट्सची स्क्रीन, ते नसलेल्या १२०० नीट्सच्या स्क्रीनपेक्षा उन्हात जास्त वाचता येते. नुसत्या आकड्यावर जाऊ नका; मशीन दुपारी बारा वाजता बाहेर नेऊन, तुमचं रोजचं सॉफ्टवेअर उघडून पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच स्क्रीन चांगल्या दिसतात.

माझं पहिलं मशीन ५०० नीट्सचं होतं. दोन वर्षं डोक्यावर काळं कापड घेऊन काम केलं, आणि मान धरली ती अजून अधूनमधून बोलते.

एक व्यवहारातली गोष्ट: पूर्ण उजेडावर बॅटरी झपाट्याने उतरते. सावलीत आल्यावर उजेड कमी करायची सवय लागली, तर दिवसाचा एखादा तास सहज वाचतो. गडद रंगाचे थीम उन्हात बंद करा. पांढऱ्यावर काळी अक्षरं बाहेर कितीतरी स्पष्ट दिसतात.

हातमोजे घालून किंवा पावसात टच चालतो का?

चालतो, पण सेटिंग बदलावं लागतं. आजच्या बहुतेक रग्ड मशीनमध्ये बोट, हातमोजा, पाणी आणि पेन असे वेगवेगळे टच-मोड असतात. हातमोज्यांच्या मोडमध्ये स्क्रीन जास्त संवेदनशील होते, त्यामुळे त्याच मोडमध्ये पावसाचे थेंब पडले की पॉइंटर आपोआप पळतो. मोड बदलण्यासाठी वेगळं बटण असेल तर उत्तम. मेनूत तीन पायऱ्या खोल दडलेला मोड भर पावसात कुणी शोधत नाही. मी जोराच्या पावसात टच बंदच करतो आणि कीबोर्डवर काम करतो.

त्याच प्रोसेसरचा साधा लॅपटॉप जास्त वेगवान का वाटतो?

उष्णतेमुळे. सीलबंद डब्यातून गरम हवा बाहेर फेकता येत नाही, म्हणून उष्णता तांब्याच्या नळ्यांमधून कवचाकडे नेतात आणि कवच ती बाहेर सोडतं. याला मर्यादा असते. ती गाठली की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. पहिली दोन-तीन मिनिटं दोन्ही मशीन सारखीच धावतात. मोठं काम वीस मिनिटं चाललं की रग्ड मागे पडतो. उन्हात, गाडीच्या बोनेटवर ठेवून, चार्जिंग चालू असताना तर हमखास.

त्यामुळे तुलना करताना पाच मिनिटांच्या चाचणीचे आकडे बघू नका. अर्धा तास भार दिल्यावर वेग किती टिकतो ते बघा. ड्रोनच्या फोटोंवरून नकाशे बनवण्यासारखं जड काम असेल, तर ते संध्याकाळी दुसऱ्या संगणकावर करा आणि रग्डवर फक्त माहिती गोळा करून तपासा. सगळी कामं एकाच मशीनवर करायचा आग्रह महागात पडतो.

मांडीवर ठेवून काम करणाऱ्यांसाठी: बूड बऱ्यापैकी गरम होतं. तो बिघाड नाही, उष्णता जिथून निघायला हवी तिथूनच निघते आहे.

बॅटरी किती चालते, आणि टिकवायची कशी?

माहितीपत्रकातले तास मंद स्क्रीनवरचे असतात. स्क्रीन पूर्ण उजेडावर, जीपीएस आणि मोबाइल डेटा चालू असेल, तर मी त्या आकड्याचा निम्मा धरून चालतो. माझा अंदाज फारसा चुकलेला नाही.

म्हणूनच हॉट-स्वॅप, म्हणजे मशीन बंद न करता बॅटरी बदलता येणं, ही मला रग्ड लॅपटॉपमधली सगळ्यात उपयोगी सोय वाटते. दोन बॅटऱ्या असल्या की एक काढून दुसरी लावेपर्यंत मशीन चालू राहतं. पण हे प्रत्येक मॉडेलमध्ये नसतं. काहींमध्ये दुसरी बॅटरी वेगळी घ्यावी लागते, काहींमध्ये एकच असते आणि ती काढली की मशीन बंद. नीट विचारून घ्या. बाहेरचा चार्जर आणि एक जादा बॅटरी पहिल्याच खरेदीत घ्या.

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मारतात: उष्णता, आणि शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत पडून राहणं. उन्हात बंद गाडीत मशीन ठेवलं की दोन्ही एकदम होतात. रोज चार्जरला किंवा डॉकला (लॅपटॉप बसवायच्या स्टँडला) लावूनच वापर असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा घाला. महिनाभर वापर नसेल तर अर्ध्यावर आणून ठेवा. थंडीचा धोका वेगळा आहे. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी भरली तर आत धातूचा लिथियम साठतो आणि ती कायमची बिघडते. म्हणून चांगली मशीन अशा वेळी चार्जिंग नाकारतात. चार्जर लावूनही टक्के वाढत नसतील तर आधी बॅटरी ऊबेत आणा, मग चार्जरला दोष द्या.

बॅटरीचं दार नेहमीपेक्षा घट्ट लागायला लागलं किंवा टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. वापर त्याच क्षणी थांबवा. दाबून बसवू नका.

विमानाने जाणाऱ्यांसाठी: १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा वेगळी परवानगी लागत नाही, १०० ते १६० मधल्यांना विमान कंपनीची लागते. सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवायच्या.

टफबुक, गेटॅक, डेल, ड्युराबुक यांत कुठला घ्यावा?

चारही गंभीरपणे काम करणारे ब्रँड आहेत, आणि एकाच वर्गातल्या मशीनमध्ये फार मोठी तफावत नसते. तुलना वर्गांत करा, नावांत नको.

सेमी-रग्डमध्ये टफबुक ५५, गेटॅक एस४१० आणि डेल लॅटिट्यूड ५४३० रग्ड ही १४ इंची, आयपी ५३ ची मशीन एका रांगेत बसतात. फुली रग्डमध्ये टफबुक ४० (१४ इंच, आयपी ६६, १२०० नीट्सपर्यंत), गेटॅक बी३६० (१३.३ इंच, आयपी ६६, १४०० नीट्स) आणि डेल लॅटिट्यूड ७३३० रग्ड एक्स्ट्रीम (१३.३ इंच, आयपी ६५, १४०० नीट्स) यांची तुलना होते. डेलने २०२५ मध्ये नावं बदलून ‘प्रो रग्ड’ केली, त्यामुळे जुन्या-नव्या नावांचा गोंधळ होऊ देऊ नका.

मला जाणवलेले स्वभाव सांगतो. टफबुक ४० आणि ५५ मध्ये बॅटरी, स्टोरेज, पोर्टचे तुकडे वापरणारा स्वतः बदलू शकतो. काम बदलत राहणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. मात्र टफबुक ४० अंगाने मोठा आणि जड आहे. बी३६० त्या ताकदीच्या मानाने हलका, स्क्रीन उन्हात सुरेख. १३ इंचांत मोठा नकाशा मात्र दाटीचा होतो. डेलमध्ये बायॉस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर), ड्रायव्हर, दूरून देखरेख हे सगळं त्यांच्या ऑफिस-लॅपटॉपसारखंच असल्याने, ज्या संस्थेत आधीपासून डेल आहेत तिथल्या आयटीवाल्यांचं काम सोपं होतं. ड्युराबुक, म्हणजे तैवानच्या ट्विनहेडचा ब्रँड, कमी बोलला जातो. त्यांचा एस१४आय सेमी-रग्डच्या यादीत जरूर धरावा.

तरीही शेवटचा निर्णय मी वेगळ्याच गोष्टीवर घेतो: बिघडल्यावर किती दिवसांत परत मिळतो, आणि पाच वर्षांनी बॅटरी व झडपा मिळतील का. वॉरंटीत अपघाती नुकसान धरलंय का, हे लेखी घ्या. काही कंपन्या ते मूळ वॉरंटीतच देतात, काही वेगळे पैसे घेतात. दोन मशीनच्या किमतींची तुलना करताना हा खर्च मिळवल्याशिवाय चित्र खरं दिसत नाही.

रोज एवढं वजन उचलणं जमतं का?

लॅपटॉपचं वजन जमतं. त्याच्याबरोबरचं सगळं जड होतं. चार्जर, जादा बॅटरी, केबल धरून पाच किलोच्या आसपास जातं. हँडल धरून लांब चालू नका, एका खांद्यावर ताण येतो. उभं राहून काम असेल तर गळ्यातून-खांद्यावरून जाणारा पट्टा घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात.

कीबोर्ड कसा असतो?

रबरी पडद्याचा कीबोर्ड पाणी आत जाऊ देत नाही आणि चिखलही पुसून निघतो, पण त्यावर लांब मजकूर लिहिणं कष्टाचं आहे. साध्या बटणांचा कीबोर्ड लिहायला सोपा, मात्र बटणांखाली वाळूचे कण अडकतात. बाहेर फक्त आकडे भरायचे असतील तर रबरी घ्या. रोज अहवाल लिहायचे असतील तर साधा घ्या.

हा जुना सिरियल पोर्ट आजही कशाला देतात?

कारण यंत्रं लॅपटॉपपेक्षा कितीतरी जास्त वर्षं जगतात. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारे छोटे संगणक), रिले, जनरेटरचे कंट्रोलर, जुनी मोजणीची उपकरणं यांच्याशी अजून नऊ पिनांच्या आरएस-२३२ वरूनच बोलावं लागतं. यूएसबीचं अडॅप्टर लावून काम होतं, पण काही जुनी सॉफ्टवेअर त्यात अडखळतात आणि लटकणारी केबल ही पोर्ट मोडायची पहिली जागा असते. तुमच्या कामात एकही जुनं यंत्र असेल तर अंगचाच पोर्ट मागा.

गाडीत कायमचा बसवायचा आहे. काय बघावं?

त्याच मॉडेलसाठी बनवलेला डॉक घ्या. सगळ्यांना बसणारे चिमटे कंपनांनी सैल होतात. डॉकमधून जीपीएस आणि मोबाइलचा अँटेना गाडीच्या छतापर्यंत नेता येतो का, हे बघा. पत्र्याच्या आत सिग्नलमध्ये मोठा फरक पडतो. वीज गाडीसाठी बनवलेल्या डीसी अडॅप्टरवरून घ्या, कारण इंजिन सुरू होताना व्होल्टेज दणकन खाली-वर होतं. आणि एअरबॅग उघडण्याच्या वाटेत काहीही बसवू नका, मग ती जागा हाताला कितीही सोयीची असो.

साफसफाई कशी करावी?

मऊ कापड, गोडं पाणी, थोडासा सौम्य साबण. झडपा आधी बंद करा. स्क्रीनवर वाळू असेल तर कोरड्या कापडाने पुसू नका, ओरखडे पडतील. आधी पाण्याने कण वाहून जाऊ द्या. समुद्राकाठी काम झालं तर त्याच संध्याकाळी ओल्या कापडाने मीठ काढा. खारं पाणी सुकलं की स्क्रू आणि बाहेरचे धातूचे संपर्क गंजायला लागतात.

आयपी ६६ म्हणजे प्रेशर वॉशरखाली धरायचा परवाना नव्हे. कॉम्प्रेसरची हवा गॅस्केटच्या फटीत मारू नका. धूळ बाहेर येण्याऐवजी आत ढकलली जाते.

महिन्यातून एकदा प्रत्येक झडप उघडून तिचं रबर नखाने हलकेच दाबून पाहा. ते चटकन परत फुगलं पाहिजे. कडक झालं, चिरलं किंवा केस-काडी अडकलेली दिसली, तर तिथून पाणी शिरणार. झडपा सुट्या मिळतात, स्वस्त असतात, आणि मोडेपर्यंत कुणी मागवत नाही. मी दोन जादा ठेवतो.

थंडीतून आत आणल्यावर काही जपावं लागतं का?

हो. थंडगार मशीन उबदार, दमट खोलीत आणलं की त्यावर दव धरतं, झडपा उघड्या असतील तर पोर्टच्या आतही. बॅग बंद ठेवून ते हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. वातानुकूलित गाडीतून दमट उन्हात उतरताना हेच घडतं, फक्त तिथे कुणाच्या लक्षात येत नाही.

स्वतः उघडून रॅम वाढवली तर चालेल का?

ज्या भागाला बाहेरून वेगळं दार दिलंय, म्हणजे बॅटरी, एसएसडी, काहींमध्ये रॅमही, तो बिनधास्त बदला. बुडाचं मुख्य कवच उघडायचं झालं तर थांबा. गॅस्केट एकदा दबलं की परत तसंच बसेल याची खात्री नसते, आणि स्क्रू ठरावीक ताकदीने, ठरावीक क्रमाने आवळायचे असतात. मशीन चालेल, पण आयपीचा आकडा आता खरा राहिलाय का, हे पाऊस पडेपर्यंत कळणार नाही. अधिकृत केंद्रात नवी गॅस्केट घालतात. काही ठिकाणी गळतीची चाचणीही करतात, ती मागून घ्या.

ज्वलनशील वायू असतील तिथे रग्ड लॅपटॉप चालतो का?

केवळ रग्ड आहे म्हणून मुळीच नाही. आयपी आणि ८१० यांचा ठिणगीशी संबंध नाही. अशा जागांसाठी एटेक्स किंवा क्लास १ डिव्हिजन २ सारखं वेगळं प्रमाणपत्र लागतं, ते नेमक्या त्याच मॉडेलला आणि त्याच बॅटरीसकट हवं. यात तडजोड करू नका, आणि कुणी करायला सांगितलं तर नकार द्या.

वापरलेला जुना रग्ड घेणं शहाणपणाचं आहे का?

चांगला सौदा होऊ शकतो, कारण कवच फार वर्षं टिकतं. मात्र तीन गोष्टी पाहा. पहिली, विंडोज. विंडोज १० चं नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलं, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. अनेक स्वस्त जुनी मशीन इथेच अडकतात. लिनक्सवर ती मस्त चालतात, पण तुमचं सॉफ्टवेअर त्यावर चालतं का, हा तुमचा प्रश्न. दुसरी, बायॉसचा पासवर्ड. मोठ्या संस्थांकडून निघालेल्या मशीनवर तो राहून जातो. सेटिंगमध्ये शिरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. तिसरी, गॅस्केट. जुन्या मशीनचा आयपी आकडा शून्य समजूनच वापरायला सुरुवात करा.

मला रग्ड नकोच आहे, हे कसं ओळखायचं?

मागच्या दोन वर्षांत तुमचे लॅपटॉप कशाने बिघडले ते कागदावर लिहून काढा. एकदा चहा सांडला आणि एकदा चार्जरचा पोर्ट सैल झाला, एवढंच असेल तर चांगला बिझनेस लॅपटॉप, अपघाती नुकसानीची वॉरंटी आणि रोजचा बॅकअप यांत काम भागतं. एसएसडीमुळे छोट्या धक्क्यांची भीतीही पूर्वीइतकी नाही. यादीत धूळ, पाऊस, कंपनं किंवा ‘उन्हात दिसलं नाही म्हणून परत जावं लागलं’ असं दोनदा आलं, तर रग्ड घ्या. आणि घेण्याआधी एखादं मशीन आठवडाभर भाड्याने किंवा प्रात्यक्षिकासाठी मागून बघा. पहिल्या दोन दिवसांत त्याचं वजन जाणवेल, तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीन जाणवेल, आणि आठवड्याच्या शेवटी झडपा आपोआप बंद करायला लागला असाल तर ते मशीन तुमच्या हाताला बसलं.